लाइट गेली, हे संगणकाला कोण सांगतं?

लाइट गेली की टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करू लागतो आणि माणूस धावत येऊन उघड्या फायली सेव्ह करतो. भारनियमनाची वर्षं काढलेल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. पण रात्री दोन वाजता ग्रंथालयाच्या कुलूपबंद खोलीत एखादा सर्व्हर बॅकअप घेत असेल, तर ती टीं टीं ऐकणार कोण? दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी संपते, डिस्कवर चाललेलं लिखाण मध्येच तुटतं आणि सकाळी डेटाबेस उघडत नाही.

लिनक्सवर ही टीं टीं ऐकण्याचं काम बहुतेक ठिकाणी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ करतं. वापरणारे त्याला नुसतं ‘नट’ म्हणतात. रसेल क्रोल यांनी १९९८ मध्ये ‘स्मार्टयूपीएसटूल्स’ नावाने ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि वर्षभराने त्याला आजचं नाव मिळालं. २००५ पासून अर्नो केट यांनी धुरा सांभाळली. २०२२ मध्ये आलेल्या २.८.० या मोठ्या आवृत्तीमागे जिम क्लिमोव यांची मेहनत आहे. सिनॉलॉजीच्या स्टोरेज पेट्यांमध्येही आतून हेच चालतं. ‘एपीसीयूपीएसडी’ हा दुसरा पर्याय एपीसीच्या यूपीएसपुरता आहे. नट मात्र शेकडो मॉडेलांशी बोलतं.

नटची कामं तीन पायऱ्यांत वाटलेली आहेत. तळाला ड्रायव्हर, तो केबलवरून यूपीएसशी बोलतो. त्याच्यावर ‘यूपीएसडी’ हा सर्व्हर, तो ती माहिती ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर मागेल त्याला देतो. सर्वांत वर ‘यूपीएसमॉन’ हा पहारेकरी, संगणक बंद करायचा की नाही हे तो ठरवतो. बिघाड शोधायचा तो याच क्रमाने, खालून वर. बरेच जण उलट करतात. संगणक बंद झाला नाही म्हणून यूपीएसमॉनची फाइल खरवडत बसतात आणि तळाच्या ड्रायव्हरला यूपीएस कधी सापडलेलाच नसतो.

हा संवाद साधा असतो. स्वस्तातल्या असंख्य यूपीएसमध्ये मेगाटेक नावाची बोली चालते. संगणक ‘क्यू१’ एवढंच विचारतो आणि यूपीएस एका ओळीत उत्तर देतो:

(२२८.० २२८.० २२८.० ०१२ ५०.१ १३.६ २५.० ००००१०००

पहिला आकडा आत येणारा व्होल्टेज, तिसरा बाहेर जाणारा. मग लोड १२ टक्के, फ्रिक्वेन्सी ५०.१ हर्ट्झ, बॅटरी १३.६ व्होल्ट आणि तापमान २५ अंश. शेवटचे आठ शून्य-एक म्हणजे यूपीएसची प्रकृती. त्यातला पहिला शून्याचा एक झाला की लाइट गेली. दुसराही एक झाला की बॅटरी संपत आली. नट हेच ‘ओबी’ आणि ‘एलबी’ या खुणांनी दाखवतं. लाइट असताना तिथे ‘ओएल’ दिसतं.

पहिली अडचण बहुधा परवानगीची असते. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने यूपीएस दिसतो (०६६५:५१६१ हा ओळखक्रमांक अशा स्वस्त यूपीएसमध्ये हमखास भेटतो), पण ड्रायव्हर सुरू होत नाही. कारण ड्रायव्हर ‘नट’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालतो आणि यूएसबीची किल्ली असते रूट या मुख्य वापरकर्त्याकडे. ती किल्ली देणारा नियम पॅकेजसोबत येतो खरा, पण केबल आधीपासून जोडलेली असेल तर लागू होत नाही. केबल काढून पुन्हा लावली की काम होतं.

दुसरी अडचण मुख्य फाइलीतल्या ‘मोड’ या ओळीची. ती मुळात ‘नन’ असते, त्यामुळे सगळं बसवूनही काहीच सुरू होत नाही. एकाच संगणकासाठी तिथे ‘स्टँडअलोन’ लिहावं लागतं. दुसऱ्या यंत्रावरून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर यूपीएसडी फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकत बसलेला असतो. त्याला ‘लिसन’ची ओळ द्यावी लागते. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं, तर दोन फाइलींतले पासवर्ड जुळतात का ते पाहावं. आणि ‘डेटा स्टेल’ म्हणजे ड्रायव्हरकडून १५ सेकंदांत ताजी खबर आलेली नाही. तेव्हा केबल, हब किंवा चुकीचा ड्रायव्हर तपासावा.

डेटा शिळा झाल्यावर यूपीएसमॉन काय करतो, तेही पाहण्यासारखं आहे. यूपीएस बॅटरीवर असताना संपर्क तुटला आणि ठरलेल्या वेळात जुळला नाही, तर तो बॅटरी संपली असंच धरून संगणक बंद करतो.

खरी फसगत टक्क्यांची असते. मेगाटेक बोलीत बॅटरीची टक्केवारीच नसते, नट ती व्होल्टेजवरून अंदाजाने काढतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला १३.० म्हणजे भरलेली आणि १०.४ म्हणजे रिकामी, असा ठोकताळा. लाइट असताना चार्जर १३.६ व्होल्टवर धरून ठेवतो म्हणून १०० टक्के दिसतात. लाइट गेल्याक्षणी, लोडखाली व्होल्टेज १२.१ वर घसरला की तेच ६५ होतात. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. आपल्या बॅटरीचे आकडे दिले आणि किती लोडवर किती सेकंद चालते हे ‘रनटाइमकॅल’मध्ये भरलं की अंदाज बराच सुधारतो. पण बॅटरी म्हातारी असेल तर तेही फोल. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते आणि उकाड्यात लवकर जाते.

आणखी एक पेच जाणकारांनाही उशिरा कळतो. बॅटरी संपत आली म्हणून संगणक शहाण्यासारखा बंद होऊ लागला आणि तेवढ्यात लाइट आली, तर? यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नसतो, म्हणून वीज ‘परत आली’ हे संगणकाला कळत नाही आणि कुणी बटण दाबेपर्यंत तो बंदच राहतो. यासाठी यूपीएसमॉन ‘किलपॉवर’ नावाची खूण ठेवतो. बंद होतानाच्या शेवटच्या टप्प्यात ती पाहून यूपीएसला हुकूम जातो: थोडं थांब, पुरवठा तोड आणि लाइट असेल तेव्हा पुन्हा दे. ‘यूएसबीहिड’ ड्रायव्हरमध्ये हे थांबणं मुळात २० सेकंदांचं असतं. संगणक त्याआधी पूर्ण बंद झाला पाहिजे. बायोसमध्ये ‘वीज येताच सुरू हो’ हा पर्याय निवडलेला हवा, नाहीतर एवढी कसरत वाया जाते.

हे सगळं नीट बसलंय की नाही, हे चाचणीशिवाय समजत नाही आणि नेमकी तीच कुणी करत नाही. ‘यूपीएसमॉन –सी एफएसडी’ ही आज्ञा बॅटरी संपल्यासारखं खरोखर संगणक बंद करून दाखवते. ती सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन चालवावी. दुसऱ्या फेरीत भिंतीवरचा प्लग उपटू नये, बोर्डावरचं बटण बंद करावं, म्हणजे अर्थिंग तुटत नाही. बॅटरी किती मिनिटं टिकली ते लिहून ठेवावं आणि दरवर्षी वळवाचे पाऊस सुरू होण्याआधी ही चाचणी पुन्हा करावी.