शाळेच्या कारभारात पालक

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावयाचे म्हणजे ही सक्ती नेमकी कोणावर करावयाची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत पार पालटले आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड करण्याची तरतूद त्यांनी ठेवली होती. त्या काळी एक रुपया ही शेतमजुराच्या संसारात मोठी रक्कम होती. सक्ती होती ती पालकावर. शाळा काढणे हे सरकारचे काम आणि मूल पाठविणे हे पालकाचे. त्यात कसूर झाल्यास अपराधी पालकच, अशी ही वाटणी होती.

स्वातंत्र्यानंतरही कायद्याची मूळ बैठक हीच राहिली. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ मध्ये पालकावर हजेरीचा हुकूम बजावण्याची आणि तो मोडल्यास दंडाची व्यवस्था होती. मात्र मूल शेतात किंवा गुरांमागे का जाते, याचे उत्तर दंडाच्या पावतीत कधीच सापडत नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सक्तीची मागणी केली, तेव्हा मागास वर्गांतील मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असेही सुचविले होते. गरिबाच्या घरात मुलाच्या दोन हातांची काय किंमत असते, हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या कायद्यांनी त्यांच्या सूचनेचा पहिला भाग उचलला. दुसऱ्या भागाकडे लक्ष जावयास फार काळ लागला.

जबाबदारीची दिशा पालटली

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. याच दुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत एका नव्या कर्तव्याची भर घातली : आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे. हक्कास मूर्त रूप देणारा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमात ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांचा जो अर्थ दिला आहे, तो प्रत्येक शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने एकवार बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्यानुसार सक्ती म्हणजे शासनावरील बंधन. प्रवेश, हजेरी आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांची हमी देण्याचे बंधन. पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून कलम १० मध्ये नमूद आहेच; परंतु त्यास दंडाची जोड दिलेली नाही.

ज्या पालकाला आजवर नोटीस मिळत असे, त्यालाच या अधिनियमाने शाळेच्या कारभारात आणून बसविले. कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक किंवा बालकांचा सांभाळ करणाऱ्या व्यक्ती असल्या पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावयाचे आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे. हा आराखडाच पुढे शासनाच्या योजनेचा व अनुदानाचा आधार धरावयाचा आहे. अनुदानित खाजगी शाळांतील समितीचे काम मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्ल्यापुरते राहिले. विनाअनुदानित शाळांत ही समितीच नाही. तेथे शुल्क ठरविताना पालकांचे म्हणणे विचारात घेण्यासाठी महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला.

शाळेच्या बाजूनेही बदल झाला. पूर्वी घराकडे असलेली कित्येक कामे शाळेकडे आली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पोषण आहाराच्या कार्यक्रमाने, आणि विशेषतः २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न मिळू लागल्यावर, मुलाच्या दुपारच्या जेवणाची काळजी शाळा वाहू लागली. उलट, २०२० च्या मार्चपासून साथीच्या काळात शाळांची दारे बंद झाली, तेव्हा शिकविण्याचे काम घराच्या ओसरीवर येऊन पडले. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही दिवसभर बापाबरोबर कामावर, त्या घरातील मुलाची त्या दिवसांत काय गत झाली असेल, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. त्या अनुभवातून एक चांगली गोष्ट निघाली, ती म्हणजे माता पालक गट. २०२२ च्या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांना घरातील भांडी, धान्य, पाने यांच्या साहाय्याने मुलाकडून काय काय करून घेता येईल, याची साधी कार्डे देण्यात आली. आईला लिहिता-वाचता येत नसले, तरी डाळीचे दाणे मोजून घेता येतात. शिकण्याच्या कामात निरक्षर पालकाचाही वाटा असू शकतो, हे शाळेने मान्य करण्याचा हा प्रसंग होता.

पालक गावात नसतात तेव्हा

समितीची कल्पना करताना कायद्याच्या डोळ्यांपुढे गावात राहणारा पालक असावा. बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतील अनेक गावांत तो वर्षाचे सहा महिने नसतो. पावसाळा सरला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीस निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने घरातील दोघेही कर्ती माणसे एकदमच जातात. मूल बरोबर नेले तर शाळा सुटते. मागे ठेवले तर ते आजी-आजोबांच्या पदरात पडते.

या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय करण्यात आली. मूल स्वतःच्याच शाळेत राहते, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था होते, आणि रात्रीचा मुक्काम कोठे शाळेत तर कोठे नातेवाइकांच्या घरी असतो. ज्यांना बरोबर जावेच लागते, त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते दाखविले की कारखान्याजवळच्या शाळेने मुलास वर्गात बसवून घ्यावयाचे असते. यास अधिनियमाचा भक्कम आधार आहे. कलम ५ प्रमाणे शाळा बदलण्याचा बालकास हक्क असून दाखला तात्काळ देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे. दाखला यावयाचा आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची खात्री करणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. म्हणजे कारखान्याच्या परिसरातील मूल ‘आपल्या गावचे नाही’ ही सबब तेथे चालत नाही.

अडचण येते ती समितीच्या कारभारात. केंद्र शासनाच्या २०१० च्या नियमांनुसार समिती प्रथम स्थापन होते त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपूर्वी किमान तीन महिने, म्हणजे डिसेंबर संपण्याच्या आत, शाळा विकास आराखडा तयार व्हावयास हवा. ऊसतोडीच्या गावात त्या सुमारास निम्मे सदस्य उसाच्या फडात असतात. मग वर्गखोल्या, शौचालय, पाणी यांची यादी मुख्याध्यापक एकटेच करतात आणि पालक परतल्यावर वहीत सह्या-अंगठे घेतले जातात. कागदोपत्री सारे नियमानुसार होते. परंतु हंगामी वसतिगृहात मुलींच्या निजण्याची सोय कशी असावी, हे ज्या आईने सांगितले असते, ती सभेत नव्हती. अंगठा उमटला म्हणजे सहभाग झाला, असे मानणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

यावर उपाय आहे आणि त्यासाठी नव्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. अधिनियमात पालकाबरोबरच मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या व्यक्तीचाही समावेश आहे. त्यामुळे मागे राहणाऱ्या आजीला समितीवर घेण्यास काहीच हरकत नाही. सभेची वेळ हाही असाच हाताशी असलेला उपाय. दुपारी बाराची सभा म्हणजे मजुरी करणाऱ्या स्त्रीचा अर्धा रोज बुडाला. ती एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. सायंकाळी, दिवाबत्तीनंतर सभा भरविल्यास शिक्षकांची थोडी गैरसोय होते, हे खरे. जमाखर्च वाचून दाखवावा, नुसता फिरवू नये. शिक्षकांनी पालकांशी नियमितपणे भेटून मुलाची हजेरी व प्रगती सांगावी, असे कलम २४ म्हणते. ‘मुलगा बरा आहे’ एवढ्याने हे काम होत नाही. मुलाला त्याच्या आजीसमोर चार ओळी वाचावयास सांगितल्या, तर तिला निराळा अहवाल लागत नाही.

दसऱ्याच्या सुमारास गाड्या भरण्यापूर्वी एक सभा मात्र प्रत्येक ऊसतोडीच्या गावात झालीच पाहिजे. कोणते मूल जाणार व कोणते राहणार, राहणाऱ्याचा सांभाळ कोण करणार, जाणाऱ्याचे हमी पत्रक तयार आहे काय, मुकादमाची टोळी कोणत्या कारखान्याकडे निघाली आहे, वसतिगृहाच्या स्वयंपाकाचे काम कोणाकडे द्यावयाचे आणि आराखड्यात काय मागावयाचे, हे सारे त्या सायंकाळी ठरावे. मुलांच्या नावांची यादी सरपंचांनी शाळेतून मागवून घ्यावी आणि कारखान्यावरून फोन आला तर तो कोणी उचलावयाचा, त्याचे नाव व क्रमांक यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावा.