खेळाचा रतीब आणि घरचा खाडा

निपाणीत काय किंवा बेळगावात काय, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका केवळ तिथी-वार पाहण्यासाठी नसते. तिच्यावर दुधाचा हिशेब असतो. ज्या दिवशी दूध घेतले नाही त्या चौकोनात गृहिणी फुली मारते. तोच खाडा. महिनाअखेर गवळी येतो, फुल्या मोजल्या जातात, तेवढे पैसे वजा होतात आणि उरलेली रक्कम त्याच्या हाती पडते. या व्यवहारात कोणाची फसवणूक होत नाही आणि कोणाचे मनही दुखावत नाही. जेवढे घेतले तेवढ्याचे पैसे, हा रतीबाचा साधा न्याय आहे.

अलीकडे याच घरांत एक नवा रतीब येऊन बसला आहे. तो दुधाचा नाही, खेळाचा आहे. व्हिडिओ गेम विकत घेण्याऐवजी दरमहा ठरावीक रक्कम भरावयाची आणि कंपनीच्या संग्रहातील शेकडो खेळांपैकी हवे ते खेळावयाचे, अशी ही योजना. सोनी कंपनीची ‘प्लेस्टेशन प्लस’ २०१० साली सुरू झाली आणि मायक्रोसॉफ्टची ‘गेम पास’ २०१७ साली. वर्गणी चालू आहे तोवर संग्रह खुला. वर्गणी बंद पडली की दार बंद.

ही कल्पना आपल्या भागाला अगदीच परकी नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या वाचकाने थोडी वर्गणी भरावी, पुस्तक घरी न्यावे, वाचून परत करावे, ही रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वाचनालयाच्या वर्गणीतही खाडा धरला जात नाही, हे खरे. महिनाभर एकही पुस्तक नेले नाही म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. परंतु ती वर्गणी थोडी असते आणि थोडी असते म्हणूनच खाडा सोसतो. रक्कम मोठी झाली म्हणजे मात्र फुल्या मोजाव्या लागतात.

येथेच आजचा प्रश्न उभा राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘गेम पास’चे दर वाढविले. ‘अल्टिमेट’ या सर्वांत वरच्या श्रेणीचा भारतातील मासिक दर ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपये झाला. केवळ संगणकावर खेळणाऱ्यांची श्रेणी ४४९ रुपयांवरून ९३९ रुपयांवर गेली, म्हणजे दुपटीहून अधिक. अमेरिकेत ‘अल्टिमेट’चा दर २०१९ साली १४.९९ डॉलर होता. तो २०२३ मध्ये १६.९९, २०२४ मध्ये १९.९९ आणि २०२५ मध्ये २९.९९ डॉलर झाला. सोनीनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या वार्षिक वर्गण्या वाढविल्या होत्या. तिची सर्वांत खालची श्रेणी अमेरिकेत ५९.९९ डॉलरवरून ७९.९९ डॉलरवर गेली.

ही वाढ का झाली, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. नवा व्यापार उभा करताना आरंभी दर कमी ठेवावयाचा आणि गिऱ्हाइकाला सवय लागली की तो चढवावयाचा, ही जगातील सर्व पेठांची जुनी चाल आहे. त्यात मोठे खेळ तयार करण्याचा खर्च फार वाढला. शेकडो कारागीर काही वर्षे राबतात, तेव्हा असा एक खेळ पुरा होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड’ ही खेळ बनविणारी कंपनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरना विकत घेतली. त्यानंतर, दुकानात महाग विकला जाणारा नवा खेळ पहिल्याच दिवशी वर्गणीदारालाही मिळावा, असे धोरण तिच्या गाजलेल्या खेळांनाही लागू झाले. जो माल दुकानात विकला गेला असता तो वर्गणीत द्यावयाचा, तर त्याची भरपाई वर्गणीतूनच होणार, हे उघड आहे.

आता घरचा हिशेब पाहू. ऑक्टोबर २०२५ च्या दराने दरमहा १,३८९ रुपये म्हणजे वर्षाला १६,६६८ रुपये होत होते. जुन्या दराने हीच रक्कम ९,९४८ रुपये होती. म्हणजे एका वर्षात ६,७२० रुपयांचा फरक पडला. त्या वाढीव दराने दिवसाला सुमारे ४६ रुपये होत होते. घरातील दुधाच्या रतीबाशेजारी जवळजवळ तेवढ्याच तोलाचा दुसरा रतीब सुरू झाला, असेच म्हणावे लागेल.

ही रक्कम वसूल होते की नाही, हे संग्रहात किती खेळ आहेत यावरून ठरत नाही. वाचनालयात हजारो पुस्तके असतात, म्हणून वाचकाचे वाचन हजारो पुस्तकांचे होत नाही. त्याने वर्षात किती वाचली, हाच हिशेब. गाजलेला नवा खेळ भारतात विकत घ्यावयाचा तर त्याची किंमत आज बहुधा पाच हजार रुपयांच्या घरात असते. त्या मानाने, वर्षभरात असे चार नवे खेळ जो खरोखर खेळे त्याला ऑक्टोबर २०२५ च्या दरानेही वर्गणी परवडत होती. जुन्या दराने दोनच खेळ पुरेसे होते. जो वर्षभर एक-दोन खेळांतच रमतो, त्याने ते विकत घेतलेले बरे. शिवाय थोडा धीर धरला तर वर्षा-दीड वर्षात तेच खेळ सवलतीत पुष्कळदा अर्ध्या किमतीवर येतात आणि घेतलेला खेळ पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे मागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. समजा, निपाणीच्या एका छोट्या दुकानदाराचा मुलगा बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. सत्र चालू असताना तो वसतिगृहात असतो आणि खेळाचे यंत्र निपाणीच्या घरी दिवाणखान्यात असते. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की दोन महिने तो मनसोक्त खेळतो. उरलेले दहा महिने यंत्रावर धूळ बसते, परंतु वर्गणी बारा महिने जात असते. गवळ्याने असे केले असते तर गल्लीत भांडण झाले असते. याच मुलाने केवळ सुट्टीचे दोन महिने वर्गणी भरली असती तर ऑक्टोबर २०२५ च्या दराने २,७७८ रुपयांत काम भागले असते. वर्गणी थांबविल्याने खेळातील आजवरची वाटचाल पुसली जाईल, अशी भीती मुलांना असते. ‘गेम पास’च्या बाबतीत ती अनाठायी आहे. ही नोंद खात्यात जपून राहते. पुन्हा वर्गणी भरली किंवा तो खेळ विकत घेतला, म्हणजे सोडले तेथून पुढे जाता येते. मात्र संग्रहातून काही खेळ वेळोवेळी काढले जातात, तेव्हा अर्ध्यावर आलेला खेळ आधी पुरा करावा, हे शहाणपणाचे.

मग दहा महिने पैसे जातात कसे? येथे ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आठवते. खाते बहुधा वडिलांचे असते आणि पैसे आपोआप कापण्याची संमती एकदाच दिलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, अशा नियमित वसुलीत १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी नवा सांकेतिक क्रमांक द्यावा लागत नाही. संमती देताना जी कमाल रक्कम मान्य केली असेल तिच्या आत वाढ बसली, तर वाढीव दरही पुन्हा न विचारता वसूल होऊ शकतो. तथापि त्याच नियमाने ग्राहकाला दोन हक्क दिले आहेत. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना मिळाली पाहिजे आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. दुर्दैवाने ही सूचना इंग्रजी संदेशाच्या रूपाने येते आणि दुकानाच्या गर्दीत न वाचताच राहून जाते.

पुढे केव्हातरी पासबुक उघडले जाते आणि घरात वाद पेटतो. वडिलांना वाटते, मुलाने चोरून पैसे उडविले. मुलाला वाटते, वडिलांना आपला साधा विरंगुळाही खुपतो. वस्तुतः दोघेही खोटे नसतात. पैसे गेले ते कोणी न मोजलेल्या खाड्यापायी. परंतु त्या रकमेहून मोठे नुकसान बापलेकांमधील विश्वासाचे होते आणि ते कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही.

काही पालक या वर्गणीला जुगारच समजतात. ते बरोबर नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने बंदी घातली. वर्गणीचे खेळ त्यांत मोडत नाहीत. खेळ हा मुलाच्या वाढीचा भाग आहे. ज्या घरात दोन-तीन भावंडे एकाच यंत्रावर आळीपाळीने खेळतात, निरनिराळे खेळ चाखून पाहतात, तेथे वर्गणी चालू ठेवणे हा अपव्यय नव्हे. अशांनी खालची, कमी दराची श्रेणी पुरते काय, एवढे मात्र तपासावे. दर पुढेही बदलत राहतील, कधी चढतील, कधी उतरतीलही. म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत अंगी बाणणे अधिक मोलाचे.

ती रीत तर घरात आहेच. दुधाच्या फुल्यांशेजारी दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने खेळाचाही खाडा मांडावा आणि तो मुलानेच मांडावा. तीन महिन्यांनी बापलेकांनी मिळून फुल्या मोजाव्यात. खेळलेले दिवस अधिक भरले तर वर्गणी निःशंकपणे ठेवावी. फुल्याच अधिक भरल्या, तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन आपोआप होणारे नूतनीकरण बंद करावे. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत खेळ चालूच राहतो. सुट्टी लागली की रतीब पुन्हा लावता येतो. कंपनी खाडा धरीत नाही, म्हणून घराने तो धरू नये, असा काही नियम नाही.