आवाजाच्या पुढे विमान!

दोस्तांनो, विमान बघायचं असेल तर आवाजाकडे बघू नका! हे शहाणपण मला १४ जानेवारी २०२४ च्या रविवारी गिरगाव चौपाटीवर आलं. हवाई दलाच्या कसरती बाराला होत्या; आम्ही मात्र सकाळीच डबा घेऊन वाळूत ठाण मांडलं.

सुखोईची गर्जना झाली. वर बघतो तर आभाळ रिकामं! आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. किलोमीटरभर यायला त्याला तीन सेकंद लागतात. तोवर विमान कुठल्या कुठं!

आजीनं मात्र कान झाकले होते. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांना काळे कागद. "भोंगा वाजला की पोटात गोळा यायचा रे. चल, घरी जाऊ."

झालं! माझा चेहरा पडला. इतक्यात 'सूर्यकिरण'ची नऊ लाल-पांढरी हॉक विमानं आली, पंखाला पंख लावल्यासारखी. मागे धुराचे पट्टे. (इंजिनाच्या तप्त झोतात तेल सोडलं की असा धूर होतो.) आजीचा एक हात खाली आला. मग दुसरा.

विमानं परत निघाली तशी ती म्हणाली, "मोज बरं, सगळी आहेत ना?"

मी मोजली. नऊ.