पहिलं कवच, पहिलं भोक

पुण्याजवळच्या मारुंजीत पाया खोदताना जो काळा कातळ लागतो, त्यात सागरी शिंपला सापडायचा नाही. हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिलेल्या लाव्हाचा. समुद्रातल्या प्राण्यांनी अंगावर कवच चढवलं, ते त्याच्याही आठपट जुन्या काळात. आपल्या देशात त्याचे पुरावे बघायचे तर हिमालयाच्या पायथ्याशी जावं लागतं.

डेहराडूनजवळच्या मालदेवता भागातल्या फॉस्फोराइटच्या थरांत १९८०च्या दशकात भारतीय संशोधकांना कँब्रियन काळाच्या आरंभीचे सूक्ष्म जीवाश्म मिळाले. असे दगड सौम्य आम्लात मुरवतात, खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण वेचतात. मिलिमीटरभर लांबीचे हे तुकडे! त्यात ॲनाबेराइट्सची तीन पाळ्यांची नळी आहे, तसे प्रोटोहर्ट्झिनाचे वाकडे, टोकदार काटेही आहेत. हे काटे बहुधा बाणकृमींच्या पूर्वजांचे, भक्ष्य पकडायचे. म्हणजे चिलखत आणि हत्यार एकाच खडकात.

मला यातच कवचाच्या जन्माचं कारण दिसतं. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम वाढलं म्हणून कवचं आली, असंही काही अभ्यासक म्हणतात. पण कच्चा माल हाताशी असला तरी कवच घडवायला शक्ती खर्चावी लागते; ती उगाच कोण खर्चेल?

क्लाउडिना बघा. एकात एक बसवलेल्या शंकूंसारखी तिची चुनखडी नळी सुमारे ५५ कोटी वर्षं जुनी. नामिबियात सापडलेल्या या जीवाश्माला १९७२मध्ये नाव मिळालं. पुढे चीनच्या शाआन्शी प्रांतातल्या नळ्यांवर स्टेफान बेंग्टसन आणि युए झाओ यांना बारीक गोल भोकं दिसली. १९९२मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. नळी जितकी रुंद, तितकं भोक मोठं. शिकारी आपल्या मापाचं सावज निवडत असावा.

अर्थात नळी दिसली की ती प्राण्याचीच, असं नव्हे. विंध्य खडकांतले जीवाश्म १९९८मध्ये कँब्रियन म्हणून जाहीर झाले आणि मोठा वाद पेटला. २००९मध्ये बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जीवाश्म खरेच आहेत, पण सुमारे १६५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातल्या नळ्या प्राण्यांच्या नव्हेत, शेवाळासारख्या तंतूंच्या.

क्लाउडिनाच्या बाबतीत मात्र ही भोकंच बोलकी आहेत. त्याच थरांत सायनोट्युब्युलाइट्स नावाची दुसरी नळी सापडते. २००३मध्ये संशोधकांनी दोन्ही शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा क्लाउडिनावर भोकं होती, सायनोट्युब्युलाइट्सवर एकही नव्हतं.