ॲक्शन कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड घेताना काय पाहावे?

दुबई, कुवेत किंवा मस्कतहून सुट्टीवर येणारा भाईजान हल्ली घरच्यांसाठी अत्तर-चॉकलेटबरोबर छोटा ॲक्शन कॅमेराही घेऊन येतो. मग निकाह असो, कोकणातली बाइकची सफर असो की उमराहचा प्रवास, सगळे त्यात टिपले जाते. कॅमेऱ्यावर पंचवीस-तीस हजार खर्च होतात, कार्ड मात्र दुकानात समोर दिसेल ते. आणि ऐन कबूलनाम्याच्या वेळी रेकॉर्डिंग बंद! निकाह काही पुन्हा लावता येत नाही.

असे का होते? उत्तर साध्या हिशोबात आहे. चांगल्या दर्जाचा फोर-के व्हिडिओ साधारण १०० मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने तयार होतो. ८ बिटचा एक बाइट, म्हणजे कार्डावर दर सेकंदाला सुमारे १२.५ एमबी लिहिले गेले पाहिजे. ज्या कार्डावर फक्त ‘क्लास १०’ लिहिलेले असते ते किमान १० एमबीचीच हमी देते. कार्ड मागे पडते, कॅमेरा वाट पाहतो आणि शेवटी थांबतो.

म्हणून पाकिटावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. ‘१७० एमबी’ वगैरे जे ठळक छापलेले असते तो बहुतेक वेळा कार्डावरून वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नाही. कंपनी खोटे बोलत नाही, पण आपल्या कामाचे तेवढे बारीक अक्षरात ठेवते. तुम्ही शोधायची खूण म्हणजे ‘व्ही३०’, किंवा इंग्रजी यू अक्षराच्या आत ३ चा आकडा. दोन्हींचा अर्थ सतत किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांना एवढे पुरते. व्ही६० महाग पडते, घरगुती वापराला त्याची गरज नसते. ‘ए१’, ‘ए२’ या खुणा मोबाइलमधल्या ॲपसाठी आहेत, व्हिडिओशी त्यांचा फारसा संबंध नाही.

आकार मायक्रोएसडीच हवा. जागा किती? वरच्या वेगाने एका तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीत जेमतेम ८५ मिनिटे, १२८ जीबीत पावणेतीन तासांच्या आसपास. माझे मत विचाराल तर २५६ चे एक घेण्यापेक्षा १२८ ची दोन घ्या. एक हरवले, बिघडले तरी निकाह एकावर आणि वलीमा दुसऱ्यावर सुरक्षित राहतो. कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबीचे कार्ड घेतो, ते मात्र त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहा.

नकली कार्डांचा धंदा हा खरा धोका. आतली जागा १६ जीबी, पण कार्ड कॅमेऱ्याला आणि कॉम्प्युटरला २५६ सांगते. पहिले १६ जीबी भरेपर्यंत सगळे ठीक, त्यानंतरचे चित्रीकरण वाया जाते, आणि हे कळते घरी आल्यावर. भाव बाजारापेक्षा निम्मा असेल तर समजून जा. बिल आणि वॉरंटी मागून घ्या. कार्ड नवे असतानाच कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्राम चालवा. तो पूर्ण कार्ड भरून, परत वाचून खरी जागा सांगतो. काही तास लागतात, पण उमराहला निघण्याआधी हे जरूर करा. (हरममध्ये चित्रीकरणाचे नियम काय आहेत तेही टूरवाल्याला विचारून घ्या.)

कार्ड फॉरमॅट करायचे ते कॅमेऱ्यातच, आणि आधीचे व्हिडिओ दुसरीकडे उतरवून झाल्यावर. लांब व्हिडिओ कार्डावर तुकड्यांत दिसले तर घाबरू नका, बरेच कॅमेरे तसेच साठवतात.

आणि पोरांच्या हातून चुकून काही डिलीट झाले तर कार्ड लगेच बाहेर काढा, त्यावर नवीन काहीही शूट करू नका. डिलीट केलेला व्हिडिओ त्याच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बऱ्याचदा कार्डावरच असतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकतो.