न्यू क्लबमूर हॉलमधला फसलेला सोलो

१८ ऑक्टोबर १९५७, शुक्रवार. लिव्हरपूलच्या नॉरिस ग्रीन भागातल्या न्यू क्लबमूर हॉलमध्ये त्या रात्री नाचाचा कार्यक्रम होता आणि वाजवायला ‘द क्वॉरीमेन’ नावाचा पोरसवदा बॅण्ड आला होता. त्यात नव्याने दाखल झालेला १५ वर्षांचा पॉल मॅकार्टनी या बॅण्डबरोबर पहिल्यांदाच लोकांसमोर उभा राहत होता. त्याच्याकडे सोपवलेला गिटारचा सोलो त्याने पार घालवला.

हा बॅण्ड जॉन लेननने १९५६ मध्ये क्वॉरी बँक शाळेतल्या सोबत्यांना घेऊन काढला होता. लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ने त्या वर्षी ब्रिटनमध्ये स्किफल संगीताची लाट आणली होती. स्किफलला फारशी वाद्यं विकत घ्यावी लागत नसत, घरातल्या वस्तूंवर काम भागे. कपडे घासायच्या खाचांच्या फळीवर बोटांत अंगुस्तान घालून ताल धरायचा. चहाच्या रिकाम्या खोक्याला झाडूचा दांडा आणि दोरी लावली की बास तयार. (ही खोकी भारत-सिलोनचा चहा भरून आलेली असत, एवढाच आपला त्यात हातभार.) दोनचार कॉर्ड येत असले तरी गाणं उभं राहायचं. खुद्द लेनन आईने शिकवल्याप्रमाणे गिटारवर बॅन्जोचे कॉर्ड धरत असे आणि शब्द आठवले नाहीत तर तिथल्या तिथे नवे रचून गात असे.

६ जुलै १९५७ रोजी वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत मॅकार्टनीने हे पाहिलं. नंतर त्याने एडी कॉक्रनचं ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ अख्खं म्हणून दाखवलं, गिटार नीट सुरात लावून दिली, आणि काही दिवसांत त्याला बॅण्डमध्ये बोलावणं आलं. साहजिकच त्याच्या पहिल्या कार्यक्रमात चमकदार तुकडा त्याच्याच वाट्याला आला: आर्थर स्मिथचं ‘गिटार बूगी’.

अडचण तिथेच होती. पाचजण मिळून कॉर्ड छेडत असताना एखाद्याचं बोट घसरलं तर गलक्यात खपून जातं. बूगीत मात्र एकेक सूर सुटा आणि भरधाव वाजवावा लागतो. ताल कुणासाठी थांबत नाही, आणि एक सूर हुकला की मागचे सगळे त्याच्यावर आदळतात. शिवाय मॅकार्टनी डावखुरा. उजव्या हाताच्या झेनिथ गिटारच्या तारा उलट्या क्रमाने चढवून तो वाजवायचा. तरी मुख्य कारण सभाधीटपणा नसणं हेच असावं. घामेजलेली बोटं तारांवर चिकटल्यासारखी झाली, असं त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे.

आयोजक चार्ली मॅकबेन यांनी बॅण्डच्या कार्डावर ‘चांगले आणि वाईट’ असा शेरा मारल्याचं सांगतात. शेरा रास्तच म्हणायचा, कारण नोव्हेंबरमध्ये त्याच हॉलमध्ये बॅण्ड पुन्हा वाजवायला आला. लेनन आणि मॅकार्टनी फिकट रंगाचे कोट घालून पुढे उभे आहेत, हे प्रसिद्ध छायाचित्र तेव्हाचं.

पहिल्या फजितीचे परिणाम मात्र लांबले. हंटर डेव्हिस यांच्या १९६८ च्या ‘बीटल्स’-चरित्रानुसार (क्वॉरीमेनचेच पुढे बीटल्स झाले), त्या रात्री नाच संपल्यावर मॅकार्टनीने लेननला स्वतः रचलेल्या एकदोन चाली ऐकवल्या. बहुधा गेलेली पत सावरायचा तो प्रयत्न असावा. लेनननेही मग स्वतःच्या चाली बांधायला घेतल्या. लीड गिटार पुन्हा वाजवायची नाही, असं मॅकार्टनीने ठरवून टाकलं. ती जागा १९५८ च्या सुरुवातीला त्याच्याच शाळेतल्या, त्याच्याहून लहान जॉर्ज हॅरिसनला मिळाली. त्याने रात्रीच्या बसच्या वरच्या मजल्यावर ‘रॉन्ची’ ही धून न अडखळता वाजवून दाखवली होती. १९६१ मध्ये बासवादक स्टुअर्ट सटक्लिफने बॅण्ड सोडला आणि कुणालाच नको असलेली बास गिटार मॅकार्टनीच्या गळ्यात पडली. लीडबद्दलचा निश्चय पुढे मोडलाच: १९६६ च्या ‘टॅक्समन’मधला सोलो त्याचा आहे, आणि गाणं हॅरिसनचं.