हिरव्या लॅम्पशेडचा नाद

‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो वरातीतला डीजे. ट्रॅक्टरवर रचलेले भिंतीएवढे स्पीकर, थरथरणारी खिडक्यांची तावदानं आणि कानांवर हात ठेवून दार लावून घेणाऱ्या शेजारच्या काकू. त्यामुळे भावाचा फोन आला, ‘‘ताई, आता तूच समजाव हिला,’’ तेव्हा मी लगेच त्याच्या बाजूची झाले.

भाची फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. मार्क उत्तम. आता बी.एड. करेल, नाहीतर बँकेच्या परीक्षा देईल, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. आणि बाईसाहेबांच्या मनात काय, तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा कोर्स करायचा! भावाचं म्हणणं, रात्रीबेरात्री स्टुडिओत बसायचं, आजूबाजूला सगळे पुरुष आणि शेवटी करायचं काय, तर बटणं फिरवायची.

ती दोन दिवस राहायला आली. मी पोहे केले, चहा केला, आणि घसा साफ करून माझं भाषण सुरू करणार एवढ्यात तिनं माझ्या कानात इअरफोन घातले. ‘‘आत्या, आधी हे ऐक. मग काय बोलायचं ते बोल.’’

खालून कसली तरी धडधड, घोडा दौडत यावा तशी. आणि तिच्यावर तरंगत जाणारा एक सूर. शिट्टी म्हणावी की हुंदका, कळेना. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? ‘‘कोणती वाद्यं आहेत, ओळख,’’ ती म्हणाली. मी व्हायोलिन म्हटलं, बासरी म्हटलं, शेवटी हार्मोनियमसुद्धा म्हणून पाहिलं. ‘‘वाद्यवृंद नाहीच. एक तार छेडलीय, बाकी सगळी यंत्रांची गुणगुण. साल १९६३. आणि हे केलंय एका सव्वीस वर्षांच्या बाईनं.’’

त्या बाईचं नाव डेलिया डर्बीशायर. मी ऐकलेलं नव्हतं. तुमच्यापैकीही फारशा कुणी ऐकलं नसेल, म्हणूनच आज तिची गोष्ट सांगते आहे.

डेलियाचा जन्म १९३७ चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला. घर कामगाराचं. ती तीन वर्षांची असताना, नोव्हेंबर १९४० मध्ये, जर्मन विमानांनी एका रात्रीत हे शहर भाजून काढलं. पुढे ती सांगायची, की धोक्याचा भोंगा आणि धोका टळल्याचा भोंगा, हे आपल्या कानांवर पडलेलं पहिलं अमूर्त संगीत. मग घरच्यांनी तिला प्रेस्टनला हलवलं. तिथे पहाटे गिरणीला निघालेल्या कामगारांच्या लाकडी तळाच्या बुटांचा फरशीवर होणारा खडखडाट तिच्या कानात जो बसला, तो कायमचा. (आमच्या लहानपणी पहाटे आजीच्या जात्याची घरघर असायची. ती आठवते सगळ्यांना, पण तिचं पुढे काही करावं, असं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.)

पोर हुशार होती. शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेली, आणि १९५९ मध्ये गणित आणि संगीत हे विषय घेऊन पदवीधर झाली. याच केंब्रिजनं १९४८ पर्यंत बायकांना शिकू दिलं, पण रीतसर पदवी दिली नव्हती. तर अशी ही गणितातली पदवीधर मुलगी डेक्का या रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली. उत्तर मिळालं, रेकॉर्डिंग स्टुडिओत आम्ही बायकांना घेत नाही. हे ऐकताना माझ्या हातातला चमचा पोह्यांतच राहिला. कारण भावाचं वाक्य आणि त्या कंपनीचं वाक्य यांत फरक काय, तर भावाच्या वाक्यात काळजी होती, एवढाच.

१९६० मध्ये ती बीबीसीत शिकाऊ म्हणून चिकटली आणि १९६२ मध्ये हट्टानं रेडिओफोनिक वर्कशॉप नावाच्या विभागात गेली. नाटकांना, शाळांच्या कार्यक्रमांना लागणारे चमत्कारिक आवाज तयार करण्याचा हा कारखाना. पुढल्याच वर्षी ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका सुरू होणार होती. रॉन ग्रेनर या संगीतकारानं शीर्षकसंगीताची चाल कागदावर लिहून दिली. वाऱ्याची झुळूक, ढगासारखं काहीतरी, अशा खुणाही केल्या. त्याचा आवाज करायचा होता डेलियानं.

कसा केला? भाचीनं मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या कॅसेटच्या जमान्यात टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणारीचा आवाज घोगरा व्हायचा, आठवतं? फीत हळू फिरली की सूर खाली जातो, जोरात फिरली की वर. बरोबर दुप्पट वेगानं फिरवली तर सूर नेमका एक सप्तक वर चढतो. झालं, डेलियाचं सगळं शास्त्र हेच. एक तार छेडायची, तो आवाज फितीवर घ्यायचा, वेग बदलून त्याच एका आवाजातून हवे ते सूर काढायचे. यंत्राची नुसती ‘ऊं’ अशी गुणगुण असते, तिचीही तीच गत. मग प्रत्येक सुराची फीत मोजून ब्लेडनं कापायची आणि एकीला एक जोडत जायची. सूर जितका लांब, तितके इंच फीत. वाती वळाव्यात तसं काम. अशा वेगवेगळ्या फिती तयार झाल्या की त्या एकदम सुरू करून जुळतात का ते बघायचं. कुठे खोट आली तर फिती लांबच लांब कॉरिडॉरमध्ये उलगडून कोणता जोड चुकलाय ते शोधायचं. मदतीला डिक मिल्स नावाचा सहकारी होता. संगणक नाही, आजच्यासारखा सिंथेसायझरही नाही.

ग्रेनरनं ते ऐकलं आणि विचारलं म्हणे, ‘‘हे मी लिहिलं होतं?’’ ती म्हणाली, ‘‘बरंचसं.’’

तो माणूस भला होता. श्रेयात आणि मानधनात डेलियाचा वाटा असावा, असं त्यानं स्वतःहून सुचवलं. पण वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, असा संस्थेचा नियम. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, घराघरांत ती धून पोचली, मुलं ती ऐकून सोफ्यामागे लपायला लागली. करणारीचं नाव कुठेच नाही. पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षीच्या खास भागात. ती २००१ मध्येच गेली होती.

मला सगळ्यात भावली ती लॅम्पशेडची गोष्ट. बीबीसीत एक जुनीपुराणी, हिरव्या रंगाची, धातूची लॅम्पशेड होती. डेलियाला तिचा नाद फार आवडायचा. आपण पितळेच्या परातीवर टिचकी मारतो तेव्हा आधी ‘ठण्ण’ होतं आणि मग ती घुमत राहते. डेलियानं तो पहिला ‘ठण्ण’ कापूनच टाकला आणि नुसतं घुमणं ठेवलं. त्या घुमण्यात किती सूर लपलेत ते मोजून काढलं आणि ते सूर यंत्रावर पुन्हा एकेक करून उभे केले. १९६७ मध्ये सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी तिनं त्यातून संगीत रचलं. ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ हे त्याचं नाव. उंटांच्या पावलांसाठी तिनं स्वतःचाच आवाज कापून वापरला. डोळे मिटून ऐका, उन्हात लांबवर काहीतरी हलतंय असं वाटतं. डीजेशी याचा काही संबंध नाही, हे मी शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

ऐकून झाल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळला. माळ्यावरून आईची पितळी परात काढली. भाचीनं लाकडी पळीनं हलकेच ठोका मारून मोबाइलवर आवाज घेतला, सुरुवातीचा ठोका काढून टाकला आणि मला ऐकवलं. परात ओळखूच येईना! देवळाच्या गाभाऱ्यात कुणी खूप दूरवर गातंय, असं काहीतरी. चाळीस वर्षं मी त्या परातीत कणीक मळली आहे.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. १९७३ मध्ये डेलियानं बीबीसी सोडली आणि थोड्याच दिवसांत संगीतही सोडलं. गॅसची पाइपलाइन टाकली जात होती तिथे रेडिओ ऑपरेटर म्हणून काम केलं, पुस्तकांच्या दुकानात केलं. दारूनं तब्येत पोखरली. चौसष्टाव्या वर्षी ती गेली. नंतर घर आवरताना माळ्यावर खोक्यांमध्ये २६७ फिती सापडल्या. त्यातली एक धून तर अशी, की आजच्या पोरांच्या नाचाच्या संगीतात खपून जावी. या फिती आता मँचेस्टरच्या विद्यापीठाकडे जपलेल्या आहेत. २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठानं तिला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. मरणोत्तर! हा शब्द मला अलीकडे फार खुपायला लागलाय.

तिच्या आधीची डॅफनी ओरम आणखी वेगळी. बीबीसीतली सगळी माणसं घरी गेली की ही रात्री टेपरेकॉर्डर ढकलत एका खोलीत गोळा करायची, काम करायची आणि सकाळच्या आत सगळी यंत्रं जागच्या जागी ठेवायची. घर झोपल्यावर शिवणाचं मशीन काढणाऱ्या बाईला हे काही वेगळं सांगायला नको. वर्कशॉप १९५८ मध्ये सुरू झालं ते तिच्याच खटपटीमुळे, आणि पुढच्याच वर्षी ती तिथून बाहेर पडली. पुढे तिनं फिल्मच्या पट्टीवर रेघा रंगवायच्या आणि त्यातून प्रकाश सोडून आवाज काढायचा, असं यंत्र बनवलं. रांगोळी वाजायला लागली तर कसं, तसं.

‘‘हे सगळं तिकडचं गं,’’ मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. भाची हसली. ‘‘अहमदाबाद तिकडं आहे का?’’ तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला होता. त्यामागे गीता साराभाईंची ओळखपाळख होती. पखवाज शिकलेल्या पहिल्या काही बायकांपैकी या एक. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केजला आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून त्यांचं शिकून घेतलं. पैशांचा व्यवहार नाही, विद्येला विद्या. अहमदाबादच्या स्टुडिओत त्यांनी स्वतःही रचना केल्या. त्या फितीही वर्षानुवर्षं संस्थेतच पडून होत्या. पॉल पर्गस या कलाकाराच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली.

रात्री भावाला फोन लावला. समजावायला म्हणून मला नेमलेलं, आणि मी उलटंच बोलायला लागले. तो वैतागला. ‘‘त्या लॅम्पशेडवाल्या बाईचं शेवटी काय झालं, ते बघितलंस ना? तेच नको म्हणून म्हणतोय.’’ मी गप्प झाले. त्याचं चूक नव्हतं. स्टुडिओतलं काम बेभरवशाचं असतं, रात्री उशिरा घरी परतणं असतं, हे भाचीही नाकारत नाही. मी एवढंच म्हटलं, की त्या बाईला दारातच अडवलं होतं, काम केल्यावर नाव दिलं नव्हतं. नुसतं काम वाईट म्हणून तिचं वाईट झालं, असं मला वाटत नाही. प्रवेशपरीक्षेचा फॉर्म तर भरू दे. तो ‘बघू’ म्हणाला. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार असतो, निम्मा नकार.

फॉर्म भरला आहे. फी माझ्या भिशीतून गेली, हे भावाला अजून माहीत नाही. आता वाचेल. जाताना भाची परात घेऊन गेली. परवा अनारशाचं पीठ मळायला हवी म्हणून फोन केला, तर म्हणाली, ‘‘आत्या, अजून आठ दिवस दे. तिचा खालचा सूर सापडायचाय.’’